स्क्रू कुठे गेला, हे ग्राहकाला कसं सांगायचं?

पत्र, थोडक्यात: छोटी विद्युत उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत या वाचक सहा वर्षं ग्राहकसेवा विभागात आहेत. तक्रारींना जाणाऱ्या लेखी उत्तरांचा मजकूर त्या तयार करतात आणि बाकीचे सहकारी तोच वापरतात. कंपनीच्या जुन्या ट्रिमरला मागे दोन स्क्रू होते. ते काढून बॅटरी बदलता यायची. नवा ट्रिमर नळाखाली धुता येतो, पण तो चहूबाजूंनी बंद आहे. दोन-अडीच वर्षांनी बॅटरी मंदावली की लोक विचारतात, 'हा उघडायचा कसा?' तो उघडत नाही. त्यावर ठरलेलं उत्तर असं: 'तुमच्या सुरक्षिततेसाठी आणि उत्तम अनुभवासाठी बॅटरी सीलबंद ठेवण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' एका गृहस्थांनी यावर उलट लिहिलं, 'पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी वॉशर नावाची वस्तू मिळते. तुमच्या इंजिनिअरांना पाठवून देऊ का?' पुढे एका बैठकीत बाईंना कळलं की कारणं तीन होती: पाणी, ट्रिमर हातात बारीक लागावा ही इच्छा, आणि जोडणीचा खर्च. लिहायची परवानगी मात्र पहिल्याच कारणाची आहे. त्या विचारतात, 'लोकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत म्हणून ते चिडतात. त्यांना समजेल असं मी कसं लिहू? की मला खोटं बोलण्याचाच पगार मिळतोय आणि मी नोकरी सोडावी?' (नाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे.)

उत्तर:

तुमचं पत्र वाचता वाचता मी उठले आणि घरातला ट्रिमर उलटा करून पाहिला. त्यालाही स्क्रू नाही. घेताना हे पाहायचं मला सुचलंच नव्हतं. धुता येतो, एवढं मात्र खोक्यावर ठळक छापलेलं होतं. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या खोक्यावरच आहे, पण तिकडे नंतर येते.

आधी ते वॉशरवाले गृहस्थ. लोकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत म्हणून ते चिडतात असं तुम्ही म्हणता, आणि पुरावा म्हणून ज्यांचं पत्र देता त्यांना तर सगळं नीट कळलेलं आहे! रबरी रिंग असते हे खरंच आहे. पाण्यात बुडी मारणाऱ्यांचे टॉर्च उघडतात, त्यांच्या बॅटऱ्या बदलता येतात आणि तरी आत पाणी जात नाही. तेव्हा 'पाण्यामुळे बंद ठेवावा लागला' हे वाक्य पुरतं खरं नाही, आणि ज्याने आयुष्यात एकदा तरी गळक्या नळाचा वॉशर बदललाय त्याला ते लगेच जाणवतं.

मग खरं काय? तुमच्या डिझाइनवाल्यांनी तुम्हाला सांगितलं असेलच, तरी इतर वाचकांसाठी लिहिते. झाकण उघडणारंही हवं आणि पाणी न घेणारंही हवं, तर रिंग बसायला खाच लागते. खाचेसाठी प्लास्टिकची भिंत जाड करावी लागते. झाकण सगळीकडून सारखं दाबलं जावं म्हणून दोनाचे चार स्क्रू होतात. जोडणीच्या वेळी प्रत्येक रिंग नीट बसली की नाही हे कोणीतरी पाहावं लागतं. म्हणजे ट्रिमर जाडही होतो आणि महागही. हे झालं कारखान्यातलं. पुढे दोन वर्षांनी ग्राहक तो घरी टेबलावर उघडतो, नवी बॅटरी घालतो, झाकण लावतो, आणि रिंगखाली एक केस अडकतो. ट्रिमरच तो, केसांना काय तोटा! त्या एका केसाच्या कडेने पाण्याला वाट मिळते, आणि आत असते लिथियमची बॅटरी. चिकटवून किंवा वितळवून जोडलेल्या सांध्यात ही भानगड येत नाही.

हे कारण मला पटतं. तुमच्या छापील उत्तरापेक्षा कितीतरी जास्त पटतं. आणि गंमत बघा, पाणी, बारीकपणा आणि खर्च ही तिन्ही कारणं यात आली, तीही एकमेकांत गुंतून. त्यातलं एकच उचलून 'तुमच्या सुरक्षिततेसाठी' म्हटलं की उरलेली दोन लपवल्यासारखी दिसतात. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? कंपनी खर्च बघते, हे कोणाला ठाऊक नाही?

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेते. लोकांना आधीच जे कळलंय ते आपण मान्य कसं करायचं, असा तो खरं तर आहे.

मी स्वतः बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे डिझाइनमध्ये होते. एका उपकरणाचं बटण आम्ही मुद्दाम आत, खोलगट बसवलं. आधीच्या मॉडेलचं बटण बॅगेत चुकून दाबलं जायचं, अशा तक्रारी होत्या. त्या थांबल्या. मग एक दिवस एक पाकीट आलं. आत फोटो होता: आमचंच बटण, आणि त्यावर चिकटवलेला खोडरबराचा तुकडा. चांगला सफाईने कापलेला, कडा घासून गोल केलेला. सोबत दोन ओळी होत्या. संधिवातामुळे बोट आतपर्यंत पोचत नाही म्हणून हा उपाय केला आहे; हे बनवताना माझ्यासारख्याचा विचार झाला होता का, एवढंच कळवावं.

आम्ही कळवलं: 'ग्राहकांच्या सूचनांच्या आधारे बटणाच्या रचनेत सुधारणा करण्यात आली आहे.' हे वाक्य मला अजून पाठ आहे, कारण ते मी लिहिलं होतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि त्या माणसाने विचारलेलं तेवढंच त्यात नव्हतं. खरं उत्तर होतं, 'नाही, झाला नव्हता.' ते लिहायला अर्धी ओळ पुरली असती.

चिडलेल्या ग्राहकाला कारण हवं असतं असं आपण धरून चालतो. माझा अनुभव असा की त्याला हिशेब हवा असतो. या सौद्यात कोणाला काय मिळालं, आणि माझं जे गेलं ते तुम्हाला तेव्हा दिसत होतं का? तडजोड नसलेली वस्तू या जगात नाही, हे लोकांना पक्कं माहीत असतं. घर चालवणारा माणूस दिवसभर दुसरं काय करतो? विजेच्या किटलीची वायर आखूड असते. पुष्कळ माहितीपत्रकांत त्याचं कारण सरळ छापलेलं असतं: लांब वायरीत पाय अडकतो, लोंबणारी वायर ओढली जाते आणि उकळतं पाणी अंगावर येतं. लोक त्या वायरीवर कुरकुरतात, पण आपल्याला शेंडी लावली असं कोणी म्हणत नाही.

शेंडी लावल्यासारखं कधी वाटतं, याची दोन मोठी उदाहरणं सांगते. दोन्ही तुमच्या साहेबांपुढे ठेवता येतील.

१९९४ साली इंटेल कंपनीच्या पेंटियम या संगणकाच्या चिपमध्ये भागाकाराची एक चूक सापडली. थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांनी ती उघड केली. चिपमधल्या एका तक्त्यातल्या काही नोंदी राहून गेल्या होत्या, त्यामुळे काही मोजके भागाकार किंचित चुकत. (ही तडजोड नव्हे, सरळ चूक होती, पण मला बोलायचंय ते तिच्या खुलाशाबद्दल.) इंटेलने हिशेब मांडला: सामान्य वापरणाऱ्याला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल. ज्याला खरोखर गरज आहे असं पटेल, त्यालाच चिप बदलून मिळेल. लोक भडकले. आपल्या कामात अचूकता किती लागते हे कंपनीने का ठरवावं? शेवटी २० डिसेंबर १९९४ रोजी, कोणताही प्रश्न न विचारता मागेल त्याला चिप बदलून देऊ, असं इंटेलला जाहीर करावं लागलं. त्यापोटी कंपनीने ४७.५ कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवला. मला सगळ्यात बोलका वाटतो तो पुढचा भाग: बदलून देऊ म्हटल्यावर बहुतेक सामान्य ग्राहकांनी चिप बदलून घेतलीच नाही. त्यांना हवा होता तो ठरवण्याचा हक्क, आणि तो मिळाल्यावर ते आपापल्या कामाला लागले.

दुसरं उदाहरण तुमच्या विषयाच्या अगदी शेजारचं आहे, कारण तेही बॅटरीचं. थकलेली बॅटरी एकदम जास्त वीज देऊ शकत नाही आणि फोन मध्येच बंद पडतो. म्हणून ॲपलने २०१७ च्या सुरुवातीला एका अपडेटमधून जुन्या आयफोनचा वेग गरजेनुसार कमी करायला सुरुवात केली. बंद पडणाऱ्या फोनपेक्षा हळू फोन बरा, ही तडजोड म्हणून मला मान्य आहे. त्यांच्या जागी मीही बहुधा हेच केलं असतं. पण वेग कमी होतोय आणि तो बॅटरीमुळे, हे लोकांना नीट सांगितलं गेलं नाही. फोन जुना झाला, आता नवा घ्यायला हवा, असंच लोक समजत राहिले. डिसेंबरमध्ये वेगाच्या चाचण्यांमधून ते बाहेर आलं आणि एकच गहजब झाला. २८ डिसेंबर २०१७ रोजी कंपनीने पत्र काढून माफी मागितली, वॉरंटीबाहेरच्या बॅटरीबदलाचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला, आणि २०१८ च्या मार्चमध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारी सोय फोनमध्ये दिली. तिच्यात वेग कमी करणं बंद करण्याचा पर्यायही होता.

तोच निर्णय, तीच बॅटरी. आधी सांगितला असता तर ती सोय ठरली असती. उघडकीला आल्यावर ती लबाडी ठरली.

त्याच कंपनीने २०१६ साली फोनमधलं हेडफोनचं छिद्र काढलं तेव्हा व्यासपीठावरून कारण देताना 'हिंमत' हा शब्द वापरला होता. आतल्या जागेचं गणित त्यांनी मांडलं होतं, ते बरंही होतं. पण लोकांच्या लक्षात राहिली ती हिंमत, आणि तिची भरपूर टिंगल झाली. हेडफोन ग्राहकाचे निरुपयोगी होणार आणि हिंमत कंपनीची! ज्याचं नुकसान होतंय त्याच्यासमोर आपली पाठ थोपटून घेऊ नये, एवढं तर आपल्या घरातली म्हातारी माणसंही सांगतात.

आता तुमच्या मजकुराकडे येते, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण लिहिणं हे तुमचं काम आहे.

'ठेवण्यात आली आहे.' कोणी ठेवली? 'निर्णय घेण्यात आला', 'बदल करण्यात आले', 'नोंद घेण्यात आली'. परिपत्रकांतला हा थाट ग्राहकसेवेत कधी शिरला आणि कायमचा मुक्कामाला राहिला, कळलंच नाही. वाक्यातून कर्ता गुल झाला की वाचणाऱ्याला वाटतं, इथे जबाबदार असं कोणी नाहीच, बॅटरी आपणहून आत जाऊन बसली. 'आम्ही बॅटरी बंद ठेवली' असं लिहून बघा. लिहिताना जरा पोटात गोळा येतो ना? मग ते वाक्य बरोबर आहे.

'गैरसोय'. गाडी दहा मिनिटं उशिरा आली तर ती गैरसोय. पाती धारदार, मोटर ठणठणीत, आणि केवळ बॅटरीपायी अख्खा ट्रिमर टाकून द्यावा लागतो, याला नुकसान म्हणतात. समोरच्याच्या दुःखाला आपण दिलेलं नाव त्याने दिलेल्या नावापेक्षा लहान असलं की तो आवाज चढवतो, मोठं नाव ऐकू यावं म्हणून.

'उत्तम अनुभवासाठी'. हे तर आजच्या आज काढा. अनुभव घेणारा माणूस समोर उभा राहून तो वाईट आहे म्हणून सांगतोय, आणि आपण त्याला कळवतो की तो उत्तम आहे.

राहिलं 'तुमच्या सुरक्षिततेसाठी'. तुमच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. तो केस, ते पाणी, ती लिथियमची बॅटरी. पण लांडगा आला रे आला असं इतक्या कंपन्यांनी इतक्या वेळा म्हणून ठेवलंय की हा शब्द आता कोणाच्या कानातच शिरत नाही. तेव्हा तो शब्द गाळा आणि त्याच्या जागी तो केस ठेवा. धोका दिसला की सुरक्षितता हा शब्द लागतच नाही.

माझ्या मनातला मजकूर काहीसा असा आहे:

'तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. या ट्रिमरची बॅटरी घरी बदलता येत नाही, आणि जुन्या मॉडेलची येत होती. नवा ट्रिमर आम्हाला नळाखाली धुता येणारा आणि हातात बारीक लागणारा हवा होता. रबरी रिंग घालून उघडणारं झाकण करणं शक्य होतं, पण तो ट्रिमर जाड आणि महाग झाला असता, शिवाय घरी उघडून परत लावताना रिंगखाली एखादा केस अडकला तरी पाणी बॅटरीपर्यंत गेलं असतं. म्हणून आम्ही बंद रचना निवडली. बॅटरी काही वर्षांनी मंदावणार हे आम्हाला माहीत होतं आणि ते खोक्यावर लिहायला हवं होतं. आम्ही लिहिलं नाही. आता तुमच्यासाठी आम्ही हे करू शकतो:'

क्रम बघा. आधी त्याचं गेलं काय, मग आम्ही केलं काय आणि का, मग नाकारलेला पर्याय, आणि शेवटी आता पुढे काय. नाकारलेला पर्याय फार मोलाचा असतो. वॉशरचं नाव तुम्ही स्वतः घेतलंत की वॉशर पाठवणाऱ्याचा निम्मा राग उतरतो, कारण आपल्या डोक्यात आलेलं यांच्याही डोक्यात येऊन गेलं होतं हे त्याला कळतं. खर्चाचा आकडा सांगायची गरज नाही. 'महाग' एवढा शब्द पुरतो.

आणि तो विसर्गचिन्हासारखा दिसणारा शेवटचा अपूर्णविराम. तुमची खरी अडचण माझ्या मते तिथे आहे. त्यापुढे लिहायला तुमच्याकडे काही आहे का? सेवा केंद्रात बॅटरी बदलून मिळते? जुना ट्रिमर दिला तर नव्यावर सवलत आहे? किमान जुन्या बॅटरीची नीट विल्हेवाट लावायची व्यवस्था? यातलं एकही नसेल तर वर कितीही सुंदर गद्य लिहिलं तरी ते तोंडाला पानं पुसणंच आहे, आणि तो दोष तुमच्या लेखणीचा नाही. वरच्यांकडे शब्दांची परवानगी मागायला जाल तेव्हा आधी या रिकाम्या जागेची मागणी करा.

तिथे तुमच्या हातात एक भक्कम आधार आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. पाण्यात वापरायच्या, धुता येणाऱ्या उपकरणांना यात सवलत आहे, म्हणजे तुमच्या ट्रिमरसारख्यांना ती मिळू शकते. पण सवलत म्हणजे सुटका नव्हे. अशा उपकरणाची बॅटरी ग्राहकाला नाही तरी कंपनीबाहेरच्या कुशल कारागिराला बदलता आली पाहिजे, आणि सुटी बॅटरी त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान पाच वर्षं मिळाली पाहिजे. तुमची कंपनी तिथे माल विकत असो वा नसो, एवढ्या मोठ्या बाजारपेठेने 'धुता येतं म्हणून टाकून द्या' हे उत्तर अमान्य केलंय. डिझाइनवाल्यांना विचारा, घरी न उघडणारा पण कारागिराकडे उघडणारा ट्रिमर बनवता येईल का? या एका प्रश्नाने तुमच्या पत्रातली निम्मी कोंडी सुटू शकते.

आता ते खोकं. ॲपल बरीच वर्षं आयफोनच्या बॅटरीबद्दल जाहीरपणे सांगत असे की पूर्ण ५०० चार्जिंग चक्रांनंतर मूळच्या ८० टक्के क्षमता राहील, अशी ती बनवली आहे. तुमच्या प्रयोगशाळेतही असा आकडा असणारच. तो खोक्यावर आणा, 'बॅटरी बदलता येत नाही' या ओळीसकट. विक्री विभाग किंचाळेल. पण 'धुता येतो' हे ठळक छापायचं आणि त्यासाठी दिलेली किंमत ग्राहकाने अडीच वर्षांनी स्वतः शोधून काढायची, ही वाटणी तुम्ही कितीही गोड उत्तरं लिहिलीत तरी पुसली जाणार नाही.

परवानगीबद्दल. 'पहिलंच कारण लिहायचं' हे नेमकं कोणी आणि कधी सांगितलं? असे नियम पुष्कळदा कोणीच केलेले नसतात, कोणीतरी एकदा घाबरून एक मजकूर लिहितो आणि मग तोच नियम होऊन बसतो. खरोखर कोणी सांगितलं असेल तर त्यामागे बहुधा कायदा विभागाची धास्ती असते: मान्य केलं की दावा होईल. ही धास्ती अगदीच पोकळ नाही, पण वस्तूत दोष होता असं म्हणणं आणि आम्ही ही रचना निवडली असं म्हणणं, यात पुष्कळ अंतर आहे. वरचा मसुदा त्यांना दाखवा आणि नेमका कोणता शब्द टोचतो ते विचारा. 'खोक्यावर लिहायला हवं होतं' ही ओळ ते नक्की कापतील. कापू द्या, पण मग खोकं बदला म्हणावं.

आणि साहेबांना तत्त्वज्ञान ऐकवू नका. पन्नास तक्रारींना जुना मजकूर पाठवा, पन्नासांना नवा. महिनाभराने मोजा, किती जण दुसऱ्यांदा लिहून आले. दुसरं पत्र म्हणजे दुसऱ्यांदा खर्च, आणि ही भाषा वर पटकन समजते. माझा अंदाज चुकला आणि जुन्या मजकुरालाच कमी पत्रं आली, तर तेही मला कळवा.

काही गोष्टींपासून मात्र जपा. प्रामाणिकपणाच्या भरात दोन पानांचा निबंध लिहू नका. ज्याला उद्या सकाळी दाढी करायची आहे त्याला प्लास्टिकच्या भिंतीची जाडी नको असते. तपशील हवा असेल तर तो मागेल. 'मलाही हे पटत नाही हो, पण वरचे ऐकत नाहीत' असं तर चुकूनही लिहू नका. क्षणभर ग्राहक तुमचा दोस्त होतो आणि पुढच्याच क्षणी त्याच्या लक्षात येतं की या कंपनीत आपल्याशी 'आम्ही' म्हणून बोलणारं कोणीच नाही. पुढच्या मॉडेलचं आश्वासनही नको. आणि जो तिसऱ्यांदाही तितकाच चिडून लिहितो, त्याला चौथा खुलासा पाठवू नका. त्याला पैसे परत द्यायचे की नाही एवढाच प्रश्न तिथे उरलेला असतो, आणि तो पत्राने सुटत नाही.

हे वाचणाऱ्यांत तक्रार करणारेही पुष्कळ असतील. त्यांना एवढंच सांगते, की 'असं का बनवलंत' विचारलंत तर छापील परिच्छेद येईल. 'विकत घेण्याआधी हे मला कुठे कळू शकलं असतं, आणि आता तुम्ही काय करून द्याल' असं विचारा. याला छापील उत्तर सहसा तयार नसतं, कोणाला तरी बसून लिहावं लागतं. आणि ते लिहिणाऱ्या व्यक्तीने तो स्क्रू काढलेला नसतो, हेही असू द्या मनात.

शेवटी नोकरी. खोटं बोलण्याचाच पगार मिळतो का, असं तुम्ही विचारलंय. सगळं न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नाही. दुकानदार आपला खरेदीचा भाव सांगत नाही, म्हणून त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. पण 'दुसरा मार्गच नव्हता' असं लिहायला सांगितलं, आणि मार्ग होता हे तुम्ही बैठकीत स्वतःच्या कानांनी ऐकलंय, तर ते खोटं आहे. ते लिहायला नकार द्या आणि तो नकार लेखी ठेवा. नवा मजकूर मंजूर झाला नाही तर निदान जुन्यातलं खोटं काढून टाका: 'या मॉडेलची बॅटरी बदलता येत नाही, आम्ही हे करू शकतो', एवढंच. त्रोटक आहे, पण त्यात कोणाची फसवणूक नाही. तेवढंही करू देईनात, तर मग नोकरीचा विचार करायची वेळ आली, असं मी म्हणेन. आज नाही. आज मला त्यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की सहा वर्षांत तुम्हाला खरी कारणं एका बैठकीत ओघाने कळली. पुढच्या मॉडेलची रचना ठरते त्या बैठकीला तुम्हाला बोलवा म्हणून सांगा. जाताना वॉशरवाल्यांचं पत्र बरोबर न्या.

त्या गृहस्थांना मात्र नव्या मजकुराला मंजुरी मिळेपर्यंत ताटकळत ठेवू नका. नंबर असेल तर सरळ फोन लावा. 'हो, असतो वॉशर' असं म्हणून सुरुवात करा, आणि रिंगखाली अडकणाऱ्या केसाचं काय करायचं ते त्यांनाच विचारा. इतक्या तावातावाने वॉशरबद्दल लिहिणाऱ्या माणसाकडे त्यावरही काहीतरी तोडगा असणार.